याचिका निष्फळ ठरते तेव्हा

फौजदारी प्रकरणातली याचिका ‘निष्फळ झाली’ म्हणून निकाली निघते, तेव्हा न्यायालयाने अर्जदाराचे म्हणणे चुकीचे ठरवलेले नसते आणि बरोबरही ठरवलेले नसते. जे मागितले होते ते आता देऊन उपयोग नाही, एवढीच नोंद न्यायालय करते. अटक होऊ नये म्हणून अर्ज केला आणि सुनावणीआधीच अटक झाली. मुलीच्या लग्नासाठी आठ दिवसांचा जामीन मागितला आणि तारीख लागेपर्यंत लग्न होऊन गेले. पोलीस एफआयआर घेत नाहीत म्हणून उच्च न्यायालय गाठले आणि दरम्यान एफआयआर नोंदवला गेला. अशा वेळी आदेशात ‘इन्फ्रक्च्युअस’ हा शब्द येतो आणि प्रकरण बोर्डावरून उतरते.

यामागचे तत्त्व रास्त आहे. न्यायालय प्रत्यक्ष वाद मिटवण्यासाठी असते, संपलेल्या वादावर मत देण्यासाठी नव्हे. अडचण वेगळीच आहे. याचिकेत सहसा एकाहून अधिक मागण्या असतात. त्यातली एक घटनाक्रमात संपते, बाकीच्या जिवंत असतात, आणि घाईच्या बोर्डावर सगळ्या एकाच वाक्यात निकाली निघतात. सरकारी वकील उभे राहून सांगतात, ‘दोषारोपपत्र दाखल झाले आहे’; अर्जदाराचे वकील त्यावर काही बोलायच्या आत आदेश सांगून होतो. म्हणून नेमके काय संपले आणि काय उरले, या प्रश्नाचे उत्तर अर्जदार व त्याच्या वकिलाकडे त्या दोन मिनिटांच्या आधीच तयार असावे लागते.

याचिका संपण्याचे इतर प्रकारही ओळखता आले पाहिजेत, कारण त्यांचे परिणाम वेगळे असतात. गुणवत्तेवर फेटाळलेल्या याचिकेत न्यायालयाने मुद्द्यांचा निर्णय केलेला असतो, त्यामुळे तेच मुद्दे पुन्हा घेऊन येणे जवळजवळ अशक्य होते. मागे घेतलेली याचिका ‘पुन्हा दाखल करण्याची मुभा राखून’ मागे घेतली की बिनशर्त, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. गैरहजेरीमुळे फेटाळलेली याचिका पुनःस्थापित करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मात्र शिक्षेविरुद्धचे अपील केवळ वकील हजर नाहीत म्हणून फेटाळता येत नाही. कागदपत्रे पाहून गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने बानी सिंग वि. उत्तर प्रदेश राज्य या 1996 च्या निकालात स्पष्ट केले आहे. निष्फळ ठरलेल्या याचिकेत कायद्याचा कोणताच मुद्दा ठरलेला नसतो, आणि हीच तिची जमेची बाजू असते.

अटकपूर्व जामीन

अटकपूर्व जामिनाची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 438 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 मध्ये आहे. त्या तारखेआधी दाखल झालेली प्रकरणे जुन्या कलमांखाली चालू राहिली असल्याने आदेशांत दोन्ही आकडे दिसतात. योगायोग असा की जुन्या संहितेचे कलम 482 उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते आणि ते अधिकार आता कलम 528 मध्ये आले आहेत. आदेश वाचताना कोणती संहिता आहे हे आधी पाहिले नाही, तर गोंधळ ठरलेलाच.

त्याच गुन्ह्यात अटक झाली की अटकपूर्व जामिनाचा अर्ज संपतो. गुरबक्षसिंग सिब्बिया प्रकरणात 1980 साली घटनापीठाने हे सांगितले. त्यानंतरचा मार्ग नियमित जामिनाचा, म्हणजे कलम 480 किंवा 483 चा. म्हणूनच अर्ज दाखल करतानाच अंतरिम संरक्षण मागणे महत्त्वाचे. ते नसेल तर अर्ज प्रलंबित असणे म्हणजे अटकेला मनाई नव्हे.

याउलट दोन प्रसंगांत अर्ज आपोआप संपत नाही. अटक न होताच दोषारोपपत्र दाखल झाले, तरी अटकेची भीती कायम असते आणि अर्ज ऐकता येतो. भरत चौधरी वि. बिहार राज्य या 2003 च्या निकालात हा मुद्दा आला आहे. दुसरा प्रसंग एका गुन्ह्यात तुरुंगात असलेल्या माणसाचा. त्याला दुसऱ्या गुन्ह्यात अटकपूर्व जामीन मागता येतो का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये, मागता येतो, असा निकाल दिला.

बऱ्याचदा सरकारी वकील सांगतात की अर्जदार सध्या आरोपीच नाही, किंवा कलम 35(3) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावले जाईल, अटक करायची नाही. त्यावर अर्ज निकाली निघतो. तसा तो निघू देण्यात गैर नाही, पण ते निवेदन आदेशात शब्दशः उतरले पाहिजे, आणि पुढे अटकेची गरज वाटलीच तर ठरावीक मुदतीची आगाऊ लेखी नोटीस द्यावी, अशी ओळ मागून घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयात 72 तासांच्या नोटिशीची अशी ओळ मागण्याचा प्रघात आहे. ती नसेल तर तोंडी आश्वासनाचा दुसऱ्या दिवशी काही आधार राहत नाही.

एफआयआर रद्द करण्याची याचिका

सर्वाधिक नुकसान इथे होते. एफआयआर रद्द करावा म्हणून संविधानाच्या अनुच्छेद 226 आणि कलम 528 खाली याचिका दाखल होते. ती दोन-तीन वर्षे पडून राहते. तोवर तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र जाते, आणि सुनावणीच्या दिवशी याचिका निष्फळ झाल्याचे सांगितले जाते.

कायदा तसा नाही. जोसेफ साल्वाराज वि. गुजरात राज्य (2011) आणि आनंदकुमार मोहट्टा वि. दिल्ली राज्य (2018) या दोन्ही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, याचिका प्रलंबित असताना दोषारोपपत्र दाखल झाले म्हणून उच्च न्यायालयाचा अधिकार संपत नाही. मूळ फिर्यादच कायद्याचा दुरुपयोग असेल, तर तपासानंतर तिचे दोषारोपपत्र झाल्याने दुरुपयोग वाढतो, कमी होत नाही. हा युक्तिवाद साधा आहे आणि त्याला तोड नाही.

दंडाधिकाऱ्यांनी गुन्ह्याची दखल घेतल्यावर मात्र गुंता वाढतो, कारण आता पोलिसांच्या कागदासोबत न्यायिक आदेशही उभा असतो. 2025 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. याचिका प्रलंबित असताना दोषारोपपत्र आणि दखल दोन्ही झाल्याने उच्च न्यायालयाने ती पुढे ऐकण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून याचिका पुन्हा सुनावणीस पाठवली. दखल घेतली जाण्यापूर्वी अनुच्छेद 226 खाली एफआयआर आणि दोषारोपपत्र रद्द करता येते. दखल घेतल्यावर त्या अनुच्छेदाचा मार्ग बंद होतो. पण कलम 528 चा मार्ग खुला राहतो, आणि त्याखाली दखल घेण्याचा आदेशही रद्द करता येतो. अट एकच, तो आदेश अभिलेखावर आणून त्याला रीतसर आव्हान दिलेले असले पाहिजे.

या अटीतच अर्जदाराचे काम सांगितलेले आहे. दोषारोपपत्राची प्रत हाती येताच याचिकेत दुरुस्तीची परवानगी मागायची. प्रार्थनेत ‘एफआयआर क्रमांक अमुक’ यापुढे दोषारोपपत्र, खटल्याचा क्रमांक आणि दखल किंवा प्रोसेसचा आदेश यांचा समावेश करायचा. साक्षीदारांचे जबाब, पंचनामे आणि तो आदेश जोडायचा. दोषारोपपत्रातही अर्जदाराविरुद्ध काय नाही, हे सांगणारे स्वतंत्र परिच्छेद याचिकेत घालायचे. केवळ क्रमांक बदलून भागत नाही. याचिका फक्त अनुच्छेद 226 खाली असेल तर कलम 528 जोडून घ्यायचे. खालच्या न्यायालयातल्या रोजनाम्यावर लक्ष नसल्याने दोषारोपपत्र गेल्याचे अर्जदाराला उच्च न्यायालयात सरकारी वकिलांकडून कळते, हे फार ठिकाणी घडते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या प्रकरणाची स्थिती महिन्यातून एकदा पाहिली तरी ही वेळ टळते.

तपास चालू द्यावा, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय दोषारोपपत्र दाखल करू नये, असा अंतरिम आदेश काही प्रकरणांत मिळतो. मात्र निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर वि. महाराष्ट्र राज्य या एप्रिल 2021 च्या निकालाने कारणे न देता तपास रोखणाऱ्या किंवा सरसकट ‘कठोर कारवाई नको’ म्हणणाऱ्या अंतरिम आदेशांवर बंधन आणले. त्यामुळे याचिका चालू असताना दोषारोपपत्र येणार, हे गृहीत धरूनच चालावे.

उलट दिशेनेही सापळा असतो. पोलिसांनी ‘बी’ किंवा ‘सी’ समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी किंवा गैरसमजातून दिलेली असल्याचा अहवाल दिला, की आरोपीला वाटते आता याचिकेची गरज नाही. पण समरी दंडाधिकाऱ्यांनी स्वीकारावी लागते. भगवंत सिंग प्रकरणातील 1985 च्या निकालानुसार तत्पूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकावे लागते, आणि अहवाल नाकारून दखल घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना असतो. समरी मंजूर होण्याआधीच याचिका निकाली निघू द्यायची असेल, तर नामंजूर झाल्यास पुन्हा येण्याची मुभा आदेशात लिहून घ्यावी.

साठ आणि नव्वद दिवस

मुदतीत दोषारोपपत्र आले नाही म्हणून मिळणारा जामीन, ज्याला डिफॉल्ट बेल म्हणतात, हा तासांच्या हिशेबाचा विषय आहे. कलम 187(3) नुसार मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत 90 दिवस आणि इतरांत 60 दिवस. मकोकासारख्या विशेष कायद्यांत न्यायालय ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, हे सक्तवसुली संचालनालय वि. कपिल वाधवान या 2023 च्या निकालाने पक्के केले. त्यामुळे अर्जाचा दिवस 61 वा किंवा 91 वा.

अर्ज आधी आणि दोषारोपपत्र नंतर असा क्रम असेल, तर मागाहून आलेल्या दोषारोपपत्रामुळे अर्ज निष्फळ होत नाही. उदय मोहनलाल आचार्य वि. महाराष्ट्र राज्य (2001) आणि एम. रवींद्रन (2020) या निकालांनी हे निःसंदिग्ध केले आहे. क्रम उलटा असेल तर हक्क गेला. एकाच दिवशी दोन्ही दाखल झाले, तर अर्जावर वेळेची नोंद आहे का, यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहते. सकाळी न्यायालय सुरू होताच अर्ज द्यावा, त्यावर तारखेसोबत वेळ टाकून पोच घ्यावी, ई-फायलिंग असेल तर त्याची पावती जपावी. जामीन मंजूर झाल्यावरही काम संपत नाही. आदेशात दिलेल्या मुदतीत जामीनदार हजर केला नाही आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आले, तर मिळालेला हक्कही हातचा जातो. जामीनदाराची कागदपत्रे अर्जाच्या दिवशीच तयार ठेवावीत.

बेकायदा कोठडी आणि सुटका

हेबियस कॉर्पसची याचिका माणूस सुटला किंवा बेपत्ता व्यक्ती न्यायालयात हजर झाली की सहसा संपते. दंडाधिकाऱ्यांच्या रिमांड आदेशाखाली कोठडी असेल, तर ही याचिका चालतच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका प्रकरणात 2018 साली महाराष्ट्र राज्याच्या अपिलावर सांगितले. अटकेची कारणे न कळवल्याचा आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे. विहान कुमार वि. हरियाणा राज्य या फेब्रुवारी 2025 च्या निकालानुसार, संविधानाच्या अनुच्छेद 22 चा भंग करून झालेली अटक नंतरच्या दोषारोपपत्राने किंवा दखलीच्या आदेशाने वैध होत नाही. त्यामुळे अटकेला आव्हान देणारी याचिका केवळ ‘आता दोषारोपपत्र आले’ म्हणून निकाली काढायला हरकत घेता येते.

सुटका झाल्यावरही याचिका जिवंत राहू शकते, याचा सर्वात ठळक दाखला बिहारचा आहे. रुदुल शाह यांची सत्र न्यायालयाने 3 जून 1968 रोजी निर्दोष मुक्तता केली होती. ते तुरुंगातून बाहेर आले 16 ऑक्टोबर 1982 रोजी, चौदा वर्षांहून अधिक काळानंतर. सर्वोच्च न्यायालयात त्यांची हेबियस कॉर्पस याचिका सुनावणीस आली तेव्हा ते मोकळे झालेले होते. सुटकेची मागणी उरली नव्हती, हे खरेच. पण याचिकेत नुकसानभरपाईचीही मागणी होती, आणि न्यायालयाने 1983 साली ती ऐकून, आधी दिलेल्या 5,000 रुपयांशिवाय आणखी 30,000 रुपये देण्याचा आदेश दिला. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल रिट याचिकेत भरपाई देण्याचा पायंडा भारतात इथून पडला. दोन वर्षांनी जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांच्या प्रकरणातही तेच झाले. ते सुटले होते, तरी बेकायदा अटकेबद्दल 50,000 रुपये मंजूर झाले. पहिल्या दिवशी लिहिलेल्या प्रार्थनेला किती महत्त्व असते, हे यावरून कळते. फक्त सुटका मागितली असती, तर सुटकेबरोबर याचिकाही संपली असती.

पोलीस एफआयआर घेत नाहीत, या तक्रारीच्या याचिकेतही हीच काळजी घ्यावी. एफआयआर नोंदवला म्हणून ती निकाली निघते, आणि घरी जाऊन प्रत वाचल्यावर लक्षात येते की मुख्य कलमच वगळले आहे. योग्य कलमे लावणे, नोंदणीस झालेल्या विलंबाची चौकशी, आणि लैंगिक गुन्ह्यांत फिर्याद नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली कारवाई या मागण्या आधीपासून असतील, तर त्या एफआयआरच्या नोंदणीने संपत नाहीत. तपास दुसऱ्या यंत्रणेकडे देण्याची मागणीही केवळ दोषारोपपत्रामुळे बाद होत नाही. खटला सुरू झाल्यावरही घटनात्मक न्यायालय तसा आदेश देऊ शकते, हे धरम पाल वि. हरियाणा राज्य (2016) मध्ये आले आहे.

मुदतीचे आदेश: तडीपारी, स्थानबद्धता, रजा

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालची तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची आणि एमपीडीए कायद्याखालची स्थानबद्धता जास्तीत जास्त बारा महिन्यांची असते. याचिका तेवढा काळ पडून राहिली, की आदेश चूक होता की बरोबर हे कुणी न तपासताच प्रकरण मिटते, आणि माणसाने पूर्ण मुदत भोगलेली असते. हा या विषयातला सर्वात मोठा अन्याय आहे. तडीपारीविरुद्ध कलम 60 खाली 30 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. ते वेळेत करून लगेच उच्च न्यायालयात लवकरच्या तारखेची मागणी करणे हाच यावरचा उपाय. जालन्याच्या एका प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी हा अपवादात्मक उपाय असल्याचे सांगून, कारण न देता कमाल मुदत लावलेला आदेश रद्द केला. असे निकाल मुदत शिल्लक असतानाच उपयोगी पडतात. मुदत संपली असेल, पण हद्दीत शिरल्याबद्दल कलम 142 खाली खटला चालू असेल, तर मूळ आदेशाची वैधता अजून महत्त्वाची आहे, हा मुद्दा न्यायालयापुढे ठेवावा.

कैद्यांच्या संचित आणि अभिवचन रजेचेही असेच होते. आईच्या आजारपणासाठी मागितलेली रजा आई गेल्यावर मंजूर होऊन काय उपयोग? अर्जात प्रसंगाची तारीख पहिल्याच पानावर ठळक लिहावी, त्या तारखेआधीची सुनावणी मागावी, आणि रजा नाकारण्याचे कारण पुढच्या अर्जांनाही आडवे येणारे असेल तर त्या कारणालाच आव्हान द्यावे. ते आव्हान तारखेबरोबर संपत नाही.

शिक्षा भोगून झाली आणि मृत्यू झाला

शिक्षा पूर्ण भोगली, म्हणून दोषसिद्धीविरुद्धचे अपील निष्फळ होत नाही. नोकरी, निवृत्तिवेतन, निवडणूक लढवण्याचा हक्क आणि लौकिक, सगळे दोषसिद्धीला चिकटलेले असते. अपील ऐकण्याचा आग्रह धरावा.

आरोपीच्या मृत्यूने जामीन अर्ज संपतो. 5 जुलै 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयात स्टॅन स्वामी यांच्या जामिनाची सुनावणी पुकारली गेली, तेव्हा ते गेल्याचे न्यायालयाला कळवण्यात आले. दोषसिद्धीविरुद्धचे अपीलही अपीलकर्त्याच्या मृत्यूने संपुष्टात येते, परंतु नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 435 ने कुटुंबाला एक दार उघडे ठेवले आहे. शिक्षा मृत्युदंडाची किंवा कारावासाची असेल, तर आईवडील, पती किंवा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणीही मृत्यूपासून 30 दिवसांत अपील पुढे चालवण्याची परवानगी मागू शकते. दंडाच्या शिक्षेविरुद्धचे अपील तर मृत्यूने संपतच नाही, कारण दंड मालमत्तेतून वसूल होऊ शकतो. दुःखाच्या महिन्यात ही मुदत कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून वकिलाने ती स्वतःहून सांगितली पाहिजे.

आदेशाच्या दिवशी आणि नंतर

न्यायालय याचिका निष्फळ ठरवण्याच्या बेतात आहे असे दिसताच उरलेल्या मागण्या प्रार्थनेच्या क्रमांकासह सांगाव्यात. दुरुस्तीसाठी छोटी मुदत मागावी. तीही मिळत नसेल, तर सर्व मुद्दे खुले ठेवल्याची आणि योग्य न्यायालयात जाण्याची मुभा दिल्याची नोंद आदेशात करण्याची विनंती करावी. अंतरिम संरक्षण चालू असेल, तर याचिकेबरोबर तेही संपते. म्हणून पुढच्या न्यायालयात जाईपर्यंत ते दोन-चार आठवडे वाढवून मागावे. हे सगळे सहीपूर्वी होणे गरजेचे, कारण कलम 403 नुसार सही झालेल्या निकालात किंवा अंतिम आदेशात कारकुनी किंवा गणिती चूक सोडून फौजदारी न्यायालयाला बदल करता येत नाही.

आदेश संकेतस्थळावर आला की त्याच दिवशी वाचावा आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. चुकीच्या माहितीवर याचिका निष्फळ ठरवली गेली असेल, उदाहरणार्थ दोषारोपपत्र दुसऱ्याच आरोपीविरुद्ध होते, तर ते दाखवणारी कागदपत्रे घेऊन त्याच खंडपीठापुढे विनाविलंब जावे. तिथे दाद न मिळाल्यास सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेचा मार्ग आहे. एरवी नव्या घटनेला आव्हान देणारी नवी याचिका हाच सरळ रस्ता असतो.

नोकरीच्या किंवा चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये मात्र याचिका निकाली निघाली म्हणजे खटला संपला, असे लिहू नये. गुन्हा प्रलंबित असेल तर तो प्रलंबितच दाखवावा लागतो. नव्या याचिकेतही जुन्या याचिकेचा क्रमांक, तारीख आणि ती कशी निकाली निघाली हे सांगून आदेशाची प्रत जोडावी. ‘यापूर्वी याच विषयावर याचिका दाखल केलेली नाही’ हे छापील वाक्य तसेच राहिले, तर वस्तुस्थिती दडवल्याच्या कारणावरून नवी याचिका पहिल्याच दिवशी फेटाळली जाऊ शकते.